चिंधीवरचा निळा रंग

सोमवारी सकाळी सव्वासातला एल्डन रुस्टाडने कॉफीत दूध ओतलं आणि ते कपात पडलंच नाही. कपाच्या उजवीकडे, बरोबर एक इंचावर, टेबलावर त्याचं एक पांढरं तळं झालं. गंमत म्हणजे एल्डनचा हात जरासुद्धा थरथरला नव्हता. चाळीस वर्षं लोखंड कापणाऱ्या माणसाने जितक्या ठामपणे ओतावं तितक्याच ठामपणे त्याने ओतलं, छोटी किटली जागेवर ठेवली, आणि वाऱ्यात मागे वळून स्वतःच्याच मालकाच्या टोपीला भोक पाडून गेलेल्या गोळीची त्याची गोष्ट पुढे चालू ठेवली. वाढणाऱ्या बाईने फडकं मारलं. खानावळीतल्या दुसऱ्या कुणाला काही दिसलं नाही. व्हर्ना टॉलेफसनला मात्र दिसलं. एक इंच. तिच्या मांडीवरच्या पर्समध्ये कालचा कागद घडी करून ठेवलेला होता. एल्डनने तिला जूनमध्ये बसवून दिलेल्या बंदुकीच्या नव्या नळीतून शंभर यार्डांवर झाडलेल्या पाच गोळ्या, आणि पाची एकमेकींशी भांडल्यासारख्या पांगलेल्या. पट्टी लावून तिने मोजलं होतं. तिथेही एक इंचच. हा कागद त्याला दाखवायचा म्हणून ती आली होती. आता तिने पर्सची चेन ओढून घेतली.

"काय गं, तोंड का असं?" एल्डनने विचारलं. तो हल्ली बोलताना माणसाच्या कानाकडे बघायचा. तिला वाटायचं, म्हातारपणाची लकब असेल.

"दाढ दुखतेय."

"तुझी? बुडालं मग हे गाव." तो खुशीत हसला. हसण्यासारखंच होतं. तिने एकतीस वर्षं डॉक्टर ब्रँटच्या दवाखान्यात लोकांचे दात घासण्याचं काम केलं होतं, आणि बिलिंग्जमध्ये चाळिशीच्या पुढचा असा एकही जबडा नसेल ज्याला तिची टोकदार आकडी माहीत नाही. रस्त्यात ती दिसली की मोठमोठे गुरांचे मालक तोंड मिटून घेत. "आणि नळी काय म्हणते? आरशासारखी ठेवतेस ना?"

"आरशात बघून वेणी घालावी अशी," व्हर्ना म्हणाली. हे तरी खरं होतं. उरलेलंही खोटं बोलून वेळ निभावून न्यावी असा तिचा बेत होता, पण तेवढ्यात बर्ल हॅनिगन आपलं पोट सावरत बाकावर येऊन आदळला. बर्ल पाइपफिटर, नेमबाजीच्या क्लबमधला तिचा जुना वैरी, आणि मनाने चांगला असला तरी त्याच्या तोंडाला झाकण नव्हतं.

"व्हर्ना, काल तुझा कागद बघितला. त्याला गोवर आलाय का गं?"

खानावळीत अंडी तळल्याचा आवाज येत होता तो एकदम मोठा झाला. एल्डनने कप खाली ठेवला. या वेळी त्याने आधी बोटांनी बशी चाचपली, आणि मग ठेवला. व्हर्नाला वाटलं, हे चाचपणं आपण किती महिने बघतोय आणि बघितलंच नाही.

"किती?" एल्डनने विचारलं.

"वारा होता रे काल."

"किती, व्हर्ना?"

"इंचभर."

पाच गोळ्या पाव इंचात बसवणारी नळी होती ती. निदान एल्डनच्या हातून पाव इंचाच्या वर कधी काही गेलं नव्हतं. या क्लबात सगळ्यांच्या बंदुकांचा बोल्ट, म्हणजे काडतुसामागचा सरकता अडसर, आणि खटका, सगळं तोलून मापून घडवलेलं. बाकड्यावर वाळूच्या पिशव्यांवर बंदूक टेकवायची आणि पाच गोळ्या एकाच भोकातून काढायच्या, एवढाच या लोकांचा धर्म. भोक जितकं लहान तितका माणूस मोठा. बाहेर पदपथावर आल्यावर एल्डनने तिला थांबवलं. साखर कारखान्यात बीट उकळायला लागलं होतं आणि सगळ्या गावावर जळक्या गोडसर मातीचा वास बसला होता. "डोळ्यांच्या मधोमध एक डाग आलाय," तो म्हणाला, अगदी हवामान सांगावं तसं. "दोन्ही डोळ्यांत. कडेचं दिसतं, समोरचं नाही. तुझी नळी मी त्या डागासकट कातली. वाटलं होतं, कानाने आणि बोटांनी जमतंय. रविवारी बोझमनहून एक माणूस माझं लेथ विकत घ्यायला येतोय. मी त्याला हो म्हटलेलं नाही अजून. शनिवारी मॅच आहे, तोवर तू बघ. दोष माझा निघाला तर मी हो म्हणतो. आणि तुझा नेहमीचा चांगुलपणा करू नकोस."

"माझ्यात कधी होता चांगुलपणा? बर्लला विचार."

पण गाडीत बसल्यावर तिचे हात स्टीअरिंगवर नुसतेच पडून राहिले. समोर गावामागचा पिवळा कडा उन्हात उभा होता. तिला मात्र आठवत होती ती चार वर्षांपूर्वीची दुपार. बंदुकीचा दस्ता तिच्या मापाचा करायचा होता. गाल कुठे टेकतो आणि खांदा कुठे लागतो ते बघायला एल्डनने आपला तळवा तिच्या गालाखाली धरला होता. "हलू नकोस," म्हणाला होता. अर्धं मिनिट. यंत्राच्या तेलाचा वास, आणि तळव्यावरचे घट्टे गालाला टोचताहेत. अक्रोडाच्या लाकडात ते अर्धं मिनिट जसंच्या तसं उतरलं होतं. बंदूक खांद्याला लावली की दर वेळी तिचा गाल त्याच्या तळव्यावर टेकत असे, आणि ही गोष्ट जगात फक्त तिला ठाऊक होती. आता त्याच बंदुकीची चौकशी करायची. साक्षीदार तीच, फौजदार तीच, आणि आरोपीच्या पिंजऱ्यात ज्याला बसवायचं त्याला ती एकोणीसशे बासष्टपासून ओळखत होती. खरं सांगायचं तर तिला भीती वाटायला हवी होती. पण सडसष्टाव्या वर्षी दाराशी असं कोडं येऊन उभं राहिल्यावर तिच्या अंगात जे सळसळलं ते भीतीचं नव्हतं. दवाखान्यातून निवृत्त झाल्यापासून तिच्या बोटांना एवढी घाई कधी झाली नव्हती. गाडी घरी नेईपर्यंत तिने दोनदा लाल दिवा ओलांडला.

मंगळवारी तिने एकेका संशयिताला धरलं. पहिली, बंदुकीवरची दुर्बीण. दुर्बिणीच्या आतलं एखादं भिंग सैल असलं की प्रत्येक धक्क्याला निशाण सरकतं, आणि बाहेरून साळसूद दिसतं. बर्लची दुर्बीण मागून आणून तिने चढवली. पाच गोळ्या, पाच दिशा. दुसरा संशयित स्क्रू. दस्त्यात बंदूक आवळून धरणारे दोन स्क्रू तिने सोडले, पुन्हा आवळले, सोडताना नळीवर बोट ठेवून बघितलं, की लाकूड कुठे ताणतंय का, सोडल्यावर पोलाद हुश्श म्हणतंय का. काही नाही. बंदूक दस्त्यात अशी बसली होती की जणू लाकूड तिच्याभोवती वाढलं असावं. तिसरा, नळी दस्त्याला घासते का. एक डॉलरची नोट नळीखाली सरकवून तिने टोकापासून मुळापर्यंत ओढली. नोट कुठे अडकली नाही, सुरकुतलीसुद्धा नाही. चौथा संशयित नळीचं तोंड. गोळी बाहेर पडताना तिथे केसाएवढी कूस जरी असली तरी तिला ढुशी बसते. कापसाचा बोळा तिने तोंडाच्या आतल्या काठावरून हलके फिरवला, जसा ती पेशंटच्या हिरडीवरून फिरवायची. एकसुद्धा धागा अडकला नाही. एवढ्या सफाईने कापलेला काठ बघून तिच्या मनात एक वेडी खुशी उठली, आणि लगेच मागून थंड लाट आली. कारण जो जो भाग एल्डनच्या हातचा नव्हता तो तो सुटत चालला होता, आणि जो होता तोही दिसेल तिथवर निर्दोष होता. म्हणजे दोष दिसत नाही तिथे. नळीच्या आत, जिथे काडतूस बसतं त्या घरात. ते घर कातताना बघायला डोळे लागतात.

रात्री झोप आली नाही, आणि सकाळी उठली ती हुशारीने. एक संशयित राहिला होता. ती स्वतः. खटका ओढायच्या क्षणी माणूस दचकतो, खांदा चोरतो, आणि त्याला स्वतःला ते कधी कळत नाही. बुधवारी तिने बर्लला क्लबच्या माळावर बोलावलं. बर्लने तिच्याकडे पाठ करून बंदूक भरायची. कधी खरं काडतूस घालायचं, कधी दारू नसलेलं. तिला कळू द्यायचं नाही. पोकळ काडतुसावर बंदूक हलली, तर गुन्हेगार सापडला.

"दचकशीलच तू," बर्ल म्हणाला. "सगळे दचकतात. माझी आई नव्वदीची झाली, टोस्टर उडाला तरी दचकते."

"तुझं तोंड बघून दचकत असेल. भर."

तिने गाल टेकवला. खटक. पोकळ. दुर्बिणीतल्या काळ्या फुलीखाली निशाणावरची माशी बसल्या जागी पंख साफ करत होती. फुली केसभरही हलली नव्हती. बर्लने बारा वेळा भरली, त्यातली सात पोकळ. सातही वेळा बंदूक दगडात कोरल्यासारखी स्थिर. बर्ल शेवटी खांदे उडवून म्हणाला, "बाई, तू मेलीस बिलीस का आत?" आणि व्हर्नाला, काय सांगावं, रडूच आलं. ती मनातून इच्छा करत होती की आपण दचकावं. आपला खांदा चोरटा निघावा, वय झालं म्हणून निघावा, म्हणजे सगळं आपल्या खात्यावर जाईल आणि एल्डन सुटेल. एवढी चांगली नेमबाज असण्याचा तिला आयुष्यात पहिल्यांदा राग आला. बर्लला वाटलं, डोळ्यांत धूळ गेली. त्याने आपला कळकट रुमाल पुढे केला, आणि तो जंतूंचा कारखाना बघून तिचं रडं थांबलं.

गुरुवारी दुपारी तिने स्वयंपाकघराच्या खिडक्या उघडल्या आणि बंदूक टेबलावरच्या लाकडी घोडीत आडवी ठेवली. बुधवारच्या पाच खऱ्या गोळ्यांचा मळ काढायचा होता. प्रत्येक गोळी जाताना आपल्या अंगचं थोडं तांबं नळीत सोडून जाते. ते काढायला नाक जाळणारं अमोनियाचं द्रावण असतं. गजाच्या पितळी टोकाला चिंधी गुंडाळायची, द्रावणात भिजवायची, नळीतून ढकलायची, थोडं थांबायचं, पुन्हा ढकलायची. चिंधी निळी निघाली की समजायचं, आत तांबं आहे. पांढरी निघेपर्यंत थांबायचं नाही, हा या लोकांचा नियम, आणि व्हर्नाचा तर तो स्वभावच. नव्या नळीबरोबर तिने हे नवं, जास्त कडक द्रावण आणलं, आणि जूनपासून तिची एकही चिंधी पांढरी निघाली नव्हती. दर पाच-सात गोळ्यांमागे चाळीस चाळीस चिंध्या. निळी, निळी, फिकट निळी, पुन्हा निळी. जुलैत तिने चिडून बारीक खरवडणारा लेप आणला, दाताला लावतात त्याच्याच जातीचा, आणि नळी शंभर फेरे घासली. तरी निळी. हे कुणाला सांगायची तिला लाज वाटे. एकतीस वर्षांत तिला न निघालेला डाग या गावाने बघितला नव्हता. त्या दिवशी तिने पहिली चिंधी गजाच्या टोकावर चढवली, द्रावणात बुडवली, नळीच्या मागच्या तोंडाशी नेली, आणि भिंतीवरचा फोन वाजला.

गज शेजारच्या वर्तमानपत्रावर ठेवून तिने तो घेतला. एल्डन होता. "त्या बोझमनच्या माणसाला रविवारी बाराला बोलावू का एकला?"

"शनिवार अजून यायचाय."

"अगं, बर्लने सांगितलं सगळं. दुर्बीण चांगली, स्क्रू चांगले, तू तर पुतळ्यासारखी. मग उरलं कोण?"

फोनच्या तारेतून त्याच्या मागे लेथ चालू असल्याचा घुमणारा आवाज येत होता. काही कातत नसणार. नुसतंच चालू ठेवून बसला असेल तो, घरातलं कुणी झोपण्याआधी शेवटचं बोलत असावं तसा ऐकत. "तुझं काम मी कानाने केलं," तो म्हणाला. "सुरी बरोबर कापत असली की पोलाद एका सुरात गातं. त्या दिवशी गात होतं, व्हर्ना. मला शपथेवर वाटलं होतं की गातंय." आणि मग, "बाराच सांगतो." फोन ठेवला गेला.

ती वळली. घोडीतल्या बंदुकीच्या शेजारी, वर्तमानपत्रावर, गज होता तिथे पडला होता. त्याच्या टोकावरची चिंधी निळी झाली होती.

ती पुढे गेली आणि वाकून बघितलं. मोरपिसाचा असतो तसला गडद, ओला, बेशरम निळा. नवी कोरी चिंधी. नळीत गेलीच नव्हती. तोंडाशी नेली होती आणि फोन वाजला होता. तिने बशी घेतली, काचेची, त्यावर एक चिंधी टाकली आणि द्रावणाचे चार थेंब. दुसरी चिंधी गजाच्या पितळी टोकाला गुंडाळली, तेवढेच चार थेंब. घड्याळ लावलं. पाच मिनिटं ती खुर्चीवर हात मांडीत घेऊन बसली, पहिल्यांदा चर्चला नेलेल्या मुलीसारखी. बशीतली पांढरी. टोकावरची निळी. पितळेत तांबं असतं. द्रावण नळीतलं तांबं खात नव्हतं, नळीतलं कधीच संपलं होतं. ते तिच्या स्वतःच्या हत्याराचं टोक खात होतं, आणि जूनपासून ती आपल्याच हत्याराचा डाग त्या बिचाऱ्या नळीतून घासून काढायला बघत होती.

ती हसायला लागली. मोठ्याने, एकटी, त्या अमोनियाच्या वासात. आणि हसता हसता तिला ऑटो क्रेगनेस आठवला, हंटलीकडचा बीटवाला शेतकरी, दवाखान्यातल्या तिच्या पहिल्या वर्षातला. खालच्या पुढच्या दातांवर वीस वर्षांचं कीटण, दगडासारखं. तरण्या व्हर्नाने तासभर घाम गाळून ते कण न् कण काढलं, आणि शेवटचा तुकडा निघाला तसे ऑटोचे दोन दात अलगद तिच्या तळहातावर आले. त्या कीटणानेच ते धरून ठेवले होते. ऑटो आरशात बघून म्हणाला होता, "बाई, स्वच्छ झालं हो तोंड." डॉक्टर ब्रँट दार लावून घेऊन इतका हसला की त्याला चष्मा काढावा लागला, आणि मग गंभीर होऊन त्याने सांगितलं होतं, माणसाचं थोडं माणसाकडे राहू द्यावं. तिने ते ऐकलं होतं. दातांच्या बाबतीत. नळीलाही थोडं आपलं लागतं. गोळ्यांनी सोडलेला पातळ थर खाचांतून पसरतो, बुजायचं ते बुजवतो, आणि मग प्रत्येक गोळी सारख्याच वाटेने जाते. लेपाने उघड्यानागड्या केलेल्या नळीला तो थर धरायला दहा-पंधरा गोळ्या लागत असतील, आणि पंधरा गोळ्या तिने तिला कधी दिल्याच नव्हत्या. सातव्या गोळीला गज आत. क्लबातल्या प्रत्येकाने तिला विचारलं होतं, साफ ठेवतेस ना, आणि ती अभिमानाने हो म्हणाली होती. त्या क्लबात हा गुन्हा कुणाच्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं. देवळात जास्त प्रार्थना केली म्हणून कुणी कुणाला पकडत नाही.

शुक्रवारी ती उजाडताच माळावर. गज घरी ठेवला, मुद्दाम, कुलपात. पहिल्या सात गोळ्या नेहमीसारख्या उनाड. आठवी, नववी, दहावीही तशाच, पण एकमेकींना ओळख दाखवल्यासारख्या जरा जवळ. तिचा जीव इतका वर आला होता की मध्ये उठून तिला बाकड्याभोवती दोन फेऱ्या माराव्या लागल्या. बारावी. चौदावी. पंधरावीनंतर दुर्बिणीत दिसलं ते तिने आधी खरंच मानलं नाही. सोळावी गोळी पंधरावीच्या भोकात गेली होती. सतरावी त्याच भोकात. अठरावीने भोकाची नुसती कड चाटली. व्हर्ना टॉलेफसन, वय सडसष्ट, निवृत्त, चर्चच्या भांडार समितीची सदस्य, त्या रिकाम्या माळावर अशी किंचाळली की तारेवरचे दोन काळेपांढरे पक्षी उडाले आणि नदीपलीकडे कुणाचं तरी कुत्रं भुंकायला लागलं.

कागद घेऊन ती थेट एल्डनच्या कारखान्यात. तो स्टुलावर बसून हत्यारं एकेक करून तेलाच्या कागदात गुंडाळत होता. तिने सगळं सांगितलं. निळी चिंधी, बशी, ऑटोचे दात, एका दमात, मध्ये मध्ये हसत. एल्डनने शांतपणे ऐकलं आणि पुढचा पाना गुंडाळायला घेतला.

"गोष्ट छान आहे," तो म्हणाला. "मी बासष्टपासून थापा मारतोय, मला थाप ओळखता येते. तू घरी बसून रचलीस."

"अरे, हा कागद बघ!"

"मला दिसतो का कागद? आणि दिसला तरी काय? तुझ्या जुन्या बंदुकीने काढला असशील. बर्लच्या बंदुकीने काढला असशील. मी सांगितलं होतं, चांगुलपणा नको."

तिला इतका राग आला की तिने त्याच्या हातातला पाना हिसकावून घेतला. "उद्या ये. माझ्या पाठीशी बस. माझी बंदूक तुझ्या हाताने उचलून बाकड्यावर ठेव, तुझी नळी तुला बोटांनी ओळखता येईलच. सगळ्या क्लबसमोर मारते."

"आणि इंचभर आलं तर?"

"तर रविवारी बारा वाजता मीच त्या माणसाला लेथ उचलायला हात लावीन."

रात्रभर बंदूक कपाटात मळकी पडून होती आणि व्हर्नाला ते अंगाला खाज सुटल्यासारखं जाणवत होतं. दोनदा ती उठून कपाटापर्यंत गेली. शनिवारी सकाळी माळावर बावीस बाकडी, बावीस माणसं, आणि पहिली फेरी संपताच बावीस गज बाहेर निघाले. एकवीस. सगळीकडून अमोनियाचा वास, गज आत-बाहेर होण्याचा आवाज, आणि मधोमध व्हर्ना हात कोटाच्या खिशात कोंबून बसलेली. तिची बंदूक एल्डनने नळी बोटांनी चाचपून, ओळखून बाकड्यावर ठेवली होती. पहिल्या फेरीत मुद्दाम तिने सगळा वेळ बाजूच्या सरावाच्या निशाणावर गोळ्या खर्चल्या होत्या, नळी कालच्यासारखी बोलायला लागेपर्यंत. आता दुसरी फेरी. बर्ल घासता घासता थांबला.

"व्हर्ना. तुझा गज कुठाय?"

"घरी."

"घरी?" बर्लने आवाज चढवला, म्हणजे सगळ्यांना ऐकू जावं. "अरे, कुणीतरी डॉक्टरला बोलवा! टॉलेफसनबाई घासत नाहीये!"

माना वळल्या. व्हर्ना उठून उभी राहिली. कान तापले होते. खाली बसून गप्प मारावं, जिंकावं, आणि कारण पोटात ठेवावं, असं क्षणभर मनात आलं. कुणी विचारलं नसतं. पण मागे, घडीच्या खुर्चीत, टोपी गुडघ्यावर घेऊन एल्डन बसला होता, आणि या बावीस जणांपैकी निदान दहांनी या आठवड्यात तिच्या कागदाची गोष्ट ऐकून त्याच्याकडचं काम काढून दुसरीकडे दिलं होतं. "ऐका," ती म्हणाली. "माझ्या बंदुकीला गोवर आला होता, हे बर्लने गावभर केलंच आहे. नळीत दोष नव्हता. मी ती घासून घासून मारत आणली होती. चिंधीवरचा निळा रंग माझ्या गजाच्या पितळी टोकाचा होता. तीन महिने मला कळलं नाही. मला! एल्डनच्या कामात खोट नाही. मूर्खपणा माझा."

कुणी हसलं नाही. उलट एकेक करून, चोरून, माणसं आपापल्या गजाच्या टोकाकडे बघायला लागली. बर्लने आपली निळी चिंधी उचलून उजेडात धरली आणि हळूच विचारलं, "पितळेचं म्हणालीस?"

शिट्टी झाली. सात मिनिटं. तिने गाल टेकवला. वाऱ्याचे छोटे झेंडे माळभर उजवीकडे झुकले होते, मग पडले, मग पुन्हा झुकले. ती थांबली. छातीत इतकी धडधड होती की फुली तिच्या ठोक्याबरोबर नाचत होती, आणि ते भीतीचं नव्हतं, तिला माहीत होतं, लहानपणी बीटाच्या गाडीवरून कालव्यात उडी मारायच्या आधी असं व्हायचं. झेंडे पुन्हा पहिल्यासारखे झुकले. एक. मागे खुर्ची करकरली. दोन. नळी तापायला लागली होती, तिच्यावरून हवा थरथरत होती. तीन. झेंडे पडले, ती थांबली, मिनिट गेलं, दीड गेलं, शेजारी बर्ल स्वतःशी शिव्या देत होता. झुकले. चार. पाच. तिने बोल्ट उघडला आणि दुर्बिणीतून बघितलंच नाही. डोळे मिटून बसून राहिली.

"बंदुका रिकाम्या करा, पुढे चला!" असं पंचाने ओरडून सांगितल्यावर तिने एल्डनचा दंड धरला. शंभर यार्ड गवतातून चालायला त्यांना फार वेळ लागला. बाकीचे पुढे जाऊन आपापल्या कागदांवर वाकले होते. तिच्या चौकटीपाशी आल्यावर तिने त्याचं मधलं बोट धरलं आणि कागदावर नेलं, अंधाऱ्या खोलीत कुणाचा हात धरून दिव्याच्या बटणावर नेतात तसं.

बोटाने भोक शोधलं. त्याच्या काठावरून एकदा फिरलं, मग उलटं फिरलं. मग वर, खाली, उजवीकडे, डावीकडे, कागदाच्या चारी कोपऱ्यांपर्यंत, काही राहिलंय का बघत. पुन्हा भोकावर आलं.

"एकच आहे," एल्डन म्हणाला. "बाकीच्या चार कुठे गेल्या?"

"त्यातूनच."

त्याने बोट काढलं नाही. मागे बर्ल येऊन उभा राहिला होता, त्याच्या मागे अजून तिघे-चौघे, सगळे मान लांब करून. पंच नवे कागद लावायला घाई करत होता. "रुस्टाड, बाजूला व्हा, पुढची फेरी सुरू करायचीय!"

"करा की," एल्डन म्हणाला. "मी इथेच आहे. एवढंसं भोक माझ्या बोटाने झाकलंय, ती चुकायची नाही." मग त्याने डोकं थोडं तिरकं केलं, मागे उभ्या असलेल्यांच्या श्वासांकडे कान दिला, आणि म्हणाला, "व्हर्ना, त्या बोझमनच्या माणसाला फोन कर. सांग, येऊ नको. लेथला काम आहे. आणि हा बर्ल मागे उभा राहून खाकरतोय ना, त्याला सांग, त्याची नळी मी कातायला घेईन. पण आधी तुझी दुसरी. रांग लावा म्हणावं."